विचारा की! मार्शल कॅव्हेंडिश, बाइंडर आणि अर्धवट राहिलेले संच

मागच्या अंकात एका उत्तरात मी इंग्लंडमधल्या पार्टवर्कबद्दल, म्हणजे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकेक अंक घेत शेवटी पूर्ण होणाऱ्या पुस्तकांबद्दल, जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. विषय माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, तेवढं चालवून घ्या.

नाशिकहून एक वाचक विचारतात: ताई, आमच्या वाचनालयाने रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यात मला 'हाऊ इट वर्क्स' नावाचे विज्ञानाचे रंगीत खंड मिळाले. आत मार्शल कॅव्हेंडिश असं प्रकाशकाचं नाव आहे. माझ्या भाचीच्या गणिताच्या पुस्तकावर पण हेच नाव दिसलं पण ते पुस्तक सिंगापूरचं आहे. ही एकच कंपनी आहे का?

हो, कंपनी तीच आहे, फक्त मधल्या काळात ती लंडनहून सिंगापूरला गेली आणि तिचा धंदाच बदलला. नॉर्मन मार्शल आणि पॅट्रिक कॅव्हेंडिश या दोघांनी १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये ती काढली, दोघांची आडनावं जोडली आणि झालं नाव. तेव्हा तिकडे पार्टवर्कची लाटच आली होती, घरात टीव्ही आलेला, शिकायची हौस असलेला पण एकरकमी पैसे टाकून महागडा एन्सायक्लोपीडिया घेणं न परवडणारा असा खूप मोठा वर्ग होता, आणि या लोकांनी तोच एन्सायक्लोपीडिया तुकड्या तुकड्याने पेपरच्या दुकानात नेऊन ठेवला. सुरुवातीला 'माइंड अलाइव्ह' सारखी ज्ञानकोश छापाची मालिका, मग 'गोल्डन हँड्स' ही शिवण-विणकाम-भरतकामाची, मग 'सुपरकुक' ही स्वयंपाकाची. या 'सुपरकुक'ची गंमत म्हणजे ती वर्णक्रमाने चालायची, त्यामुळे ज्यांनी अर्ध्यात घेणं सोडलं त्यांच्याकडे आजही इंग्रजी मुळाक्षरांच्या मधल्या कुठल्यातरी अक्षरापर्यंतच्याच पाककृती आहेत.

आता तुमच्या खंडांकडे येते. 'हाऊ इट वर्क्स' मुळात असंच अंकाअंकाने आलं आणि नंतर त्याचाच २० खंडांचा संच निघाला. या कंपनीचं खरं डोकं मला इथे दिसतं. फोटोग्राफर, चित्रकार, लेखक, सगळ्यांचे पैसे साप्ताहिक अंकासाठी एकदा मोजून झालेले असायचे, मग तोच मजकूर पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून शाळा आणि लायब्ररींना विकायचा, त्यातलाच एकेक विषय काढून त्याचं सुटं पुस्तक करायचं, दुसऱ्या देशात दुसऱ्या भाषेत द्यायचं. असेच खंड हिंडत हिंडत तुमच्या वाचनालयापर्यंत आले असणार. खंड उघडून बघा, विषय केवढाही मोठा असो, थोड्याच पानांत आटपतो आणि एक मोठं, आतला भाग कापून दाखवणारं चित्र असतं, म्हणजे पंपाचं, इंजिनचं, कॅमेऱ्याचं. हे अंकाचं वळण आहे, कारण त्या आठवड्याचा अंक घेणाऱ्याला त्याच अंकात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी मिळायला हव्यात ना. ती चित्रं हाताने काढलेली आहेत आणि आजही मुलांना यंत्र समजवायला मला त्यांच्याइतकं चांगलं काही सापडत नाही. कृपा करून ते खंड परत रद्दीत जाऊ देऊ नका. कॉम्प्युटर-टेलिफोनवरचे लेख जुने झालेत पण जॅक, गिअर, पाण्याचा पंप, शिलाई मशीन हे काही बदललेलं नाही.

१९८० मध्ये सिंगापूरच्या टाइम्स पब्लिशिंगने मार्शल कॅव्हेंडिश विकत घेतली. पार्टवर्क त्यानंतरही बरीच वर्षं लंडनहून निघत राहिली, पण हळूहळू वजन शालेय पुस्तकांकडे गेलं. सिंगापूरच्या मुलांचं गणित जगात गाजलं आणि त्याची 'माय पाल्स आर हिअर' वगैरे पुस्तकं याच कंपनीची, उदाहरण सोडवताना आधी आडव्या पट्ट्या काढून राशी दाखवायची ती पद्धत भाचीच्या पुस्तकात असेलच. टाइम्स पब्लिशिंग पुढे फ्रेझर अँड नीव्हच्या पूर्ण ताब्यात गेली, आणि ही १८८३ मध्ये सोडावॉटर बनवण्यासाठी निघालेली कंपनी! २०१३ पासून तिच्यावर थायलंडच्या एका पेयांच्या उद्योगसमूहाचा ताबा आहे. अमेरिकेतल्या शाखेची मुलांची पुस्तकं, साडेचारशेच्या वर नावं, २०११ च्या शेवटी ॲमेझॉनने घेतली. एवढं सगळं होऊन पुस्तकाच्या पाठीवर त्या दोघांची आडनावं मात्र अजून आहेत.

सांगलीहून एक शिक्षक विचारतात: पार्टवर्क आणि साधं मासिक यात नक्की फरक काय? आपलं अमर चित्र कथा पण मालिकाच होती ना, मग ते पार्टवर्क म्हणायचं का?

नाही म्हणता येणार सर. अमर चित्र कथेचा प्रत्येक अंक आपल्या जागी पूर्ण असतो, मधले दहा घेतले नाहीत तरी काही बिघडत नाही, आणि मालिका कुठे संपणार हे आधी ठरलेलं नसतं. पार्टवर्क हे मुळात एकच पुस्तक असतं, शेवट आधी ठरलेला, आणि ते तुकडे करून विकलेलं. पानांचे नंबर बघितले की लगेच कळतं, दुसऱ्या अंकाचं पहिलं पान १ नसतं, पहिला अंक जिथे संपला तिथून पुढे आकडे चालू राहतात. सूची शेवटी येते. आणि बाइंडर मिळतो, जाड पुठ्ठ्याचा, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत वरून खाली ताणलेल्या बारीक तारा, प्रत्येक अंक मधोमध उघडून एकेका तारेत अडकवायचा. कितीतरी घरांत या बाइंडरसाठीच लोक अंक घेत राहिले असं मला वाटतं, कारण तो शेल्फवर ठेवला की अर्धा रिकामा दिसतो आणि ते बघवत नाही.

विकायची पद्धत पण ठरलेली. बऱ्याचदा जानेवारीत, नवीन वर्षाचे संकल्प ताजे असताना, टीव्हीवर जोरात जाहिरात, पहिला अंक अगदी स्वस्त, कधी दुसरा त्याच्यासोबत फुकट, आणि आत एक कुपन असायचं जे भरून आपल्या पेपरवाल्याला द्यायचं म्हणजे तो पुढचे अंक आपल्या नावाने बाजूला काढून ठेवणार. पहिला अंक प्रचंड खपतो, दुसरा-तिसरा एकदम खाली येतो, मग हळूहळू उतरत उतरत जे चिवट लोक उरतात त्यांच्यावर सगळं गणित बसवलेलं असतं. प्रकाशक छपाईही त्याच उताराने कमी करत नेतो. हे नीट लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात परत लागणार आहे.

कल्पना मात्र फार जुनी. जोसेफ मॉक्सन नावाच्या लंडनच्या माणसाने १६७८ पासून लोहारकाम, सुतारकाम शिकवणारं पुस्तक असं भागाभागाने विकायला काढलं, इंग्लंडमध्ये हे पहिलं मानतात. डिकन्सची पहिली कादंबरी १८३६-३७ मध्ये एक शिलिंगाला एक अशा मासिक भागांत आली, पहिल्या भागाच्या जेमतेम हजार प्रती छापलेल्या आणि शेवटी खप ४०,००० च्या आसपास गेला, म्हणजे आजच्या पार्टवर्कच्या बरोबर उलटा आलेख. आर्थर मी (Mee) या इंग्रज संपादकांचा मुलांचा एन्सायक्लोपीडिया १९०८ ते १९१० मध्ये दर पंधरवड्याला असे ५० भाग करत पूर्ण झाला.

पण ज्याला आपण आज पार्टवर्क म्हणतो, रंगीत, चकचकीत, ती तऱ्हा इटलीतून आली. मिलानच्या फाब्री बंधूंनी १९५८ मध्ये 'कोनोशेरे' काढलं, त्यावरून १९६१ मध्ये पर्नेल कंपनीने इंग्लंडात 'नॉलेज' आणलं. याच पर्नेलने १९६६ मध्ये दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास ९६ साप्ताहिक अंकांत दिला, प्रमुख संपादक होते युद्धाचे इतिहासकार लिडेल हार्ट, सोबत बॅरी पिट, आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचं सहकार्य. लढलेले लोक तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर होते, त्यांच्या मुलांना बाबा कुठे होते ते जाणून घ्यायचं होतं, आणि हा इतिहास पेपरच्या दुकानात चॉकलेट-सिगारेटच्या शेजारी मिळत होता. मला हे फार मोठं काम वाटतं. विद्यापीठातले लोक अशा अंकांना नाक मुरडतात पण त्यात लिहिणारे खरे अभ्यासक होते आणि नकाशे तर आजही वापरण्याजोगे आहेत.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं काय, असं तुम्ही पुढे विचारलंय. निबंधमालेचे १८७४ पासून निघालेले ८४ अंक नंतर एकत्र बांधून वाचले गेले, तिला पार्टवर्क नाही म्हणता येणार पण अंक जपून ठेवून पुस्तक करायची सवय आपल्याला होती. केतकरांचा ज्ञानकोश १९२० ते १९२७ असा २३ खंडांत आला, त्यासाठी लोकांकडून आधी वर्गणी गोळा करावी लागली. दोन्हीकडे वाचक शेवटपर्यंत टिकेल या भरवशावरच काम चाललं.

कोल्हापूरहून एक वाचक: 'मॅन, मिथ अँड मॅजिक' या संचाचे संपादक रिचर्ड कॅव्हेंडिश, म्हणजे तेच कंपनीचे मालक का?

नाही, मालक पॅट्रिक, संपादक रिचर्ड, माणसं वेगळी. गोंधळ होणं साहजिक आहे कारण ही मालिका इंग्लंडात १९७० पासून पर्नेलने ११२ साप्ताहिक अंकांत काढली आणि अमेरिकेत तिचे २४ खंड मार्शल कॅव्हेंडिशच्या नावाने आले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या चित्रकाराचं भुताटकी चित्र आहे, त्याच्याकडे बघून लोकांना हा काहीतरी सवंग प्रकार वाटतो, पण सल्लागार मंडळात धर्मांचे मोठे अभ्यासक मिर्चा एलियाद आणि ऑक्सफर्डचे झेनर होते, हिंदू धर्मावर ज्यांची पुस्तकं अजून वाचली जातात ते. तुमच्याकडे संच असेल तर भारतावरचे लेख आधी वाचा.

पुण्याहून एक वाचक लिहितात: माझी मावशी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिने मी लहान असताना 'स्टोरी टेलर' नावाचे अंक आणि कॅसेट आणल्या होत्या. आईने सगळं जपून ठेवलंय. आता माझ्या मुलीला ऐकवायच्या आहेत. चालतील का? आणि याची काही माहिती मिळेल का?

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मार्शल कॅव्हेंडिशने काढलेल्या सगळ्या मालिकांत मला सगळ्यात जास्त जीव असलेली ही मालिका. डिसेंबर १९८२ मध्ये सुरू झाली, दर पंधरवड्याला एक अंक आणि सोबत एक कॅसेट, असे २६ अंक. मग तेवढीच दुसरी मालिका आली, नंतर अगदी लहान मुलांसाठी एक वेगळी आली, ख्रिसमसचे खास अंक आले. वाचणारे कोण, तर डेरेक जेकोबी, जोआना लम्ली, शीला हॅनकॉक, म्हणजे रंगभूमीवरची मुरलेली मंडळी. कॅसेटवर जे ऐकू येतं तेच शब्द अंकात छापलेले, त्यामुळे पोरगं एकटं बसून बोट ठेवत ठेवत वाचायला शिकायचं. आईवडिलांना वेळ नसला तरी गोष्ट थांबत नव्हती. प्रत्येक अंकात दोन-चार लहान गोष्टी पूर्ण आणि एखादी मोठी गोष्ट अर्ध्यावर सोडलेली, 'पुढे काय झालं' साठी पुढचा अंक. विकायची युक्ती होती हे खरंच, पण गोष्टी निवडणाऱ्यांनी काम मनापासून केलंय, जगभरच्या लोककथा, जुन्या परीकथा, नव्या लेखकांच्या गोष्टी, कविता, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळा चित्रकार. फ्रेंच, जर्मन, इटालियनमध्येही ही मालिका गेली.

आता कॅसेट. लगेच टेपमध्ये घालून प्ले दाबू नका, एवढं ऐका माझं. आधी उजेडात धरून खिडकीतून फीत बघा, पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट वेगळी ठेवा, नाहीतर टेपच्या हेडला लागून बाकीच्यांना जाईल. फीत जिथे उघडी दिसते तिथे मधोमध फेल्टचा किंवा स्पंजचा छोटा तुकडा असतो, बहुतेक वेळा धातूच्या पातळ पट्टीवर चिकटवलेला, तो इतक्या वर्षांत गळून पडलेला असतो किंवा चिकट झालेला असतो, आणि तो नसला की आवाज दबका, घोगरा येतो आणि आपल्याला वाटतं कॅसेटच गेली. फीत चांगली असते, फक्त तो तुकडा बदलावा लागतो. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडता येते, चिकटवलेली असेल तर जपून फोडून फीत दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात बसवावी लागते, जुनी टेप दुरुस्त करणारे करून देतात. हे झालं की पेन्सिल घालून थोडी फिरवा, फीत मोकळी फिरतेय ना बघा, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे घ्या आणि त्यानंतरच लावा. पहिल्यांदा लावतानाच रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण कधी कधी तेवढी एकच संधी मिळते. मुलीला ऐकवायला ते रेकॉर्डिंग आणि हातात खरा अंक असं करा, जोडीने ऐकायचं-वाचायचं तसंच होतं ते.

ठाण्याहून एक कॉलेजचा विद्यार्थी: ईगलमॉस बंद का झाली? मी स्टार ट्रेकच्या यानांची मॉडेल्स जमवतोय, आता पुढची कुठून मिळणार?

तुझं दुःख समजतं मला. ईगलमॉस ही पण लंडनची, १९७५ ची. आधी बराच काळ तिचं कामही स्वयंपाक, हस्तकला अशा कागदी मालिकांचं होतं, मग हळूहळू अंक पातळ आणि सोबतची वस्तू जाड असं होत गेलं. २००५ पासून मार्व्हल कॉमिक्सच्या पात्रांच्या शिशाच्या रंगवलेल्या मूर्तींची मालिका, ती २०० अंकांपर्यंत गेली, २०१३ मध्ये तुझी ती यानांची, ती तर ठरवलेल्यापेक्षा वाढत वाढत दीडशेच्या पुढे गेली. त्यातली मासिकं मात्र फेकू नकोस, प्रत्येक यानाचं डिझाइन कोणी कसं केलं, आधीची नाकारलेली चित्रं कोणती, हे त्यात आहे आणि एवढ्या तपशिलात ते दुसरीकडे मिळणं अवघड. २०२२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या वेळी महिन्याला थोडे थोडे भाग येऊन एक मोठं मॉडेल जोडायचं अशा मालिका चालू होत्या आणि जगभर कितीतरी जणांची मॉडेल्स अर्धवट राहिली.

कागदी पार्टवर्क मध्येच बंद पडलं तर निदान आलेले अंक वाचता येतात, पण अर्ध्या यानाचं काय करायचं? शिवाय साचे, परवाने, कारखान्याचे पैसे प्रकाशकाला आधी भरावे लागतात आणि ग्राहकाचे पैसे महिन्यामहिन्याने येतात. भिशीत बसल्यासारखंच आहे हे, सगळे शेवटपर्यंत टिकले तर सगळ्यांचं भलं. आता मुद्द्याचं, उरलेला यानांचा साठा मास्टर रेप्लिकाज नावाच्या कंपनीने घेतला आणि विकायला काढला, तिथे बघ. आणि पुढे कधी अशी जोडायची मालिका घेणार असशील तर ती पूर्ण होऊन गेल्यावर अख्खा संच मिळतो का ते आधी शोध, जास्त पैसे पडले तरी.

रत्नागिरीहून एक वाचक: माझ्याकडे पर्नेलच्या महायुद्धाच्या मालिकेचे सुटे अंक आहेत, साधारण साठ-पासष्ट, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेले. उरलेले जमवावेत का? किंमत काय येईल?

जमवा, पण उलट्या बाजूने. बहुतेक लोक पहिल्या अंकापासून सुरू करतात आणि पहिले अंक पैशाला पासरी असतात, कारण वर सांगितलं तसं ते सगळ्यात जास्त छापले गेले. शेवटचे पंधरा-वीस अंक आधी शोधा, त्यातही सूची असलेला अंक मिळाला तर घासाघीस करत बसू नका, घेऊनच टाका, त्याच्याशिवाय एवढ्या पानांत काही सापडत नाही. घेताना पानांचे नंबर सलग आहेत का बघा, मधला रंगीत नकाशा लोक काढून घेतात, आणि मुखपृष्ठं आहेत का बघा, कारण पानांच्या नंबरात ती धरलेली नसतात आणि बांधणी करताना बरेच जण फाडून टाकत. पैसे मिळवायला म्हणून जमवत असाल तर नको, लाखांनी छापलेली वस्तू आहे, पूर्ण संचाला बरे पैसे येतात, सुट्याला जवळजवळ नाहीत.

तुमच्याकडची हवा दमट, म्हणून आणखी थोडं सांगते. या अंकांच्या पिना लोखंडी आहेत, गंजल्या की गंज पानात उतरतो आणि पान तिथून तुटतं, तर पिना नखाने नाही, पातळ सुरीने उचलून काढा आणि सुती दोऱ्याने दोन टाके घाला. आर्ट पेपर ओला झाला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात, त्यामुळे पावसाळ्यात हे अंक एकावर एक गच्च रचून ठेवू नका, उभे ठेवा, सैल ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. कसर लागली असेल तर तो अंक आधी वेगळा काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करू नका, आतल्या आत घाम धरतो, साध्या सुती कापडात गुंडाळलेलं बरं. ऑक्टोबरचं ऊन पडलं की सावलीत, वाऱ्यावर, एकेक अंक उघडून दिवसभर ठेवा आणि संध्याकाळच्या आत उचला.